हेडीसटाउन (2010) : भिंतीची गाणी, तडकलेल्या डबीत

सीडी कोण घेतं आता, मान्य आहे. पण बाबांच्या जुन्या वॅगनआरमध्ये अजून सीडी प्लेअर आहे आणि त्यात वर्षानुवर्षं फक्त अभंग वाजतायत, म्हणून मुद्दाम अनाईस मिचेल या अमेरिकन गायिकेचा 'हेडीसटाउन' हा अल्बम सेकंडहँड मागवला. डबीचं झाकण तडकलेलं, आत चकती धरणारे दात तुटलेले, त्यामुळे सीडी अख्खा प्रवास खुळखुळत आलेली. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर म्हणे डिस्क चालते ना, मग झालं. चालते. झालं.

आता अल्बमबद्दल. गोष्ट ग्रीक पुराणातली आहे, ऑर्फियस आणि त्याची बायको युरिडिसी, ती पाताळात जाते, तो गाण्याच्या जोरावर तिला आणायला जातो. पण मिचेलबाईंनी हे सगळं 1930 च्या मंदीसारख्या अमेरिकेत नेऊन ठेवलंय. पाताळ म्हणजे तिथला राजा हेडीस याची कंपनी, खाणी, कारखाने आणि भोवती भिंत. आणि युरिडिसीला इथे मूळ कथेसारखा साप वगैरे चावत नाही, ती भुकेपोटी जाते. वर खायला नाही, खाली काम आहे, मालक गोड बोलतोय, गेली. एवढा एकच बदल केला आणि पुराणकथेचं राजकारण झालं, भाषण एकही नाही.

मला तर सारखी 'माझी मैना गावावर राहिली' आठवत होती. अण्णाभाऊंनी तेच केलंय ना, पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावाकडच्या बायकोसाठी झुरतोय असं वाटत असताना ती मैना कधी बेळगाव-कारवार होते कळतही नाही. विरहाचं गाणं म्हणून माणूस आत शिरतो आणि चळवळीत बाहेर पडतो. इथेही तसंच.

हा अल्बम कसा बनला तीही गंमत आहे. आधी 2006 मध्ये व्हरमाँट नावाच्या छोट्याशा राज्यात हे स्टेजवर केलेलं, सगळी तिथलीच माणसं, पुढच्या वर्षी गावोगाव फिरवलं, म्हणजे आपल्याकडच्या हौशी मंडळींसारखंच. मायकल चोर्नीने वाद्यमेळ बांधला. मग बेस वाजवणारा टॉड सिकाफूस निर्माता म्हणून आला आणि मार्च 2010 मध्ये रेकॉर्ड निघाली, वीस गाणी, तासाभराला जरा कमी. लेबल कुठलं, तर राइचस बेब, म्हणजे ॲनी डिफ्रँको या गायिकेने मोठ्या कंपन्यांच्या नादी न लागता स्वतः काढलेलं, आणि हेडीसची बायको पर्सेफोनी पण तीच गायलीय. यातले बरेचसे गायक आपापल्या गावी रेकॉर्ड झालेत आणि नंतर एकत्र जोडलेत, हे मला आधी माहीत नव्हतं, ऐकताना एकाच खोलीत बसलेत असं वाटतं, त्याबद्दल सिकाफूसला पैकीच्या पैकी.

ऑर्फियस म्हणजे बॉन इव्हेर या बँडवाला जस्टिन व्हर्नन. त्याने स्वतःच्याच आवाजाचे थर चढवलेत, एकटा माणूस गातोय पण कोरस वाटतो, त्यामुळे दगडाला पाझर फुटेल हे पटतं. पण शब्द तोंडातल्या तोंडात, पहिल्या वेळेला मला निम्मे कळले नाहीत. हेडीस म्हणजे आयोवाचा ग्रेग ब्राउन, आवाज इतका खर्जातला की वॅगनआरच्या डाव्या दाराचा स्पीकर थरथरायला लागला, मला वाटलं गाडीतच काहीतरी सुटलं. आणि पर्सेफोनी चोरटा बार चालवते ते गाणं तर दोन-तीनदा ऐकलं. बरणीत वारा, नळाला पाऊस, फळीवर ऊन, असं सगळं विकायला. जमिनीखाली राबणाऱ्याला आभाळसुद्धा ब्लॅकने घ्यावं लागतं, बघा म्हणजे.

तक्रार आहे एक. निवेदन पुरेसं नाही. आपल्या वगात कोणीतरी मध्ये येऊन सांगतो की आता राजा शिकारीला निघाला, इथे तुम्हीच धागा जोडत बसायचं. गोष्ट माहीत नसेल तर मधली दोन-तीन संथ गाणी कोण कोणाला म्हणतंय तेच कळत नाही. स्टेजवर अर्थात नंतर हे सगळं भरून काढलं, 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलं आणि आठ टोनी, म्हणजे तिथले नाटकांचे मोठे पुरस्कार, घेऊन आलं, सर्वोत्कृष्ट म्युझिकल धरून. ते रेकॉर्डिंगही मिळतं, चकचकीत आहे, गोष्ट सरळ कळते. मला तरी हा 2010 चा खरखरीतच जास्त आवडतो, आपापली चव.

आणि ते भिंतीचं गाणं, 'व्हाय वी बिल्ड द वॉल'. हेडीस विचारतो, बाळांनो आपण भिंत का बांधतो? सगळे म्हणतात, स्वतंत्र राहायला. भिंत कशी काय स्वतंत्र ठेवते? शत्रूला बाहेर ठेवते. शत्रू कोण? गरिबी. प्रत्येक वेळी आधीचं सगळं परत म्हणायचं आणि एक ओळ वाढवायची, लहान मुलांच्या गाण्यासारखं. 2016 च्या अमेरिकन निवडणुकीत लोकांना वाटलं हे ट्रम्प आणि त्याच्या भिंतीवरच लिहिलंय, पण गाणं दहा वर्षं जुनं.

हे लागलं तेव्हा आम्ही चिंचवडहून तळेगावला चाललेलो, बाबा शेजारी. त्यांना इंग्रजी गाण्यात इंटरेस्ट शून्य, पण ते एकाने विचारायचं आणि सगळ्यांनी ओरडायचं ऐकून सरळ होऊन बसले. म्हणाले, "हे आमच्या गेट मीटिंगसारखं आहे रे, युनियनचं आहे का?" मी म्हटलं नाही हो बाबा, विचारणारा मालक आहे, उत्तरं कामगार देतायत, आणि अर्थ सांगितला. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे घोषणा पण मालकानेच लिहून दिल्या की."

देहूरोड येईपर्यंत परत दोनदा लावायला सांगितलं त्यांनी. आता सीडी गाडीतच आहे, तडकलेली डबी मी फेकून दिली, अभंगांच्या डबीत एक जागा रिकामी होती तिथे ठेवलीय.