'बिनवणाची' ब्रेस्ट लिफ्ट कशी विकतात

ब्रेस्ट लिफ्टच्या, म्हणजे उतरलेले स्तन वर उचलण्याच्या शस्त्रक्रियेच्या, जाहिरातीत डॉक्टरांची पदवी शोधावी लागते, 'नो स्कार' मात्र रस्त्यापलीकडूनही वाचता येतं. पुण्यातल्या ज्या क्लिनिकने मला गंडवलं, त्यांची जाहिरातही तशीच होती. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तोंड आवरायला सांगितलंय. विकायची पद्धत सांगायला कोणाची हरकत नसावी, कारण ती काही एकाच क्लिनिकची नाही.

आधी थोडं अंगाचं बोलते, नाहीतर फसवणूक नेमकी कुठे झाली ते कळणार नाही. दोन बाळंतपणं झाली, मग वजन वाढलं, मग ते नेटाने उतरवलं. वजन गेलं तशी छातीची कातडी रिकामी झाली. क्लिनिकमधली काउन्सेलर लगेच म्हणाली, "मुलांना अंगावर पाजलंत ना मॅडम, त्यानेच होतं." हे खरं नाही. गरोदरपणं, वजनाचे चढउतार, वय, सिगारेट ही कारणं आहेत; अंगावर पाजण्यावर उगाच खापर फोडतात. आणि हीच मुलगी पुढे मला शस्त्रक्रियेचा प्रकार निवडून देणार होती.

स्तन किती उतरलेत हे डोळ्यांच्या अंदाजाने ठरवायचं नसतं. स्तनाखाली जी घडी पडते ती मोजायची रेघ. निपल त्या घडीच्या पातळीला आलं असेल तर पहिली पायरी, घडीच्या खाली गेलं तर दुसरी, आणि स्तनाच्या अगदी खालच्या टोकाला जाऊन जमिनीकडे बघत असेल तर तिसरी. रेन्यो यांनी १९७६ साली केलेली ही वर्गवारी सर्जन आजही वापरतात. माझी तिसरी. हे मला नंतर दुसरीकडे कळलं, कारण त्या क्लिनिकमध्ये कोणी टेप लावलीच नव्हती. डॉक्टरांनी मला कोचावर आडवं करून बघितलं आणि "होऊन जाईल" म्हणाले. आडवं झालं की सगळं बाजूला सरकतं, मोजणार काय? मापं आणि शस्त्रक्रियेआधीच्या पेनाच्या खुणा पेशंटला उभं करून किंवा बसवूनच घ्यायच्या असतात.

शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार तीन, आणि ते वणांवरूनच ओळखतात. पहिल्यात टाके फक्त निपलभोवतीच्या गडद भागाच्या कडेने, गोल. ही पद्धत १९९० मध्ये बेनेली यांनी नावारूपाला आणली. दुसऱ्यात तो गोल आणि तिथून घडीपर्यंत खाली येणारी उभी रेघ. तिसऱ्यात गोल, उभी रेघ, शिवाय घडीत लपणारी आडवी रेघ, म्हणजे उलटा टी. हा नमुना वाइज यांनी १९५६ मध्ये आखला आणि भरपूर कातडी काढायची असली की अजूनही तोच वापरतात.

वण जितका छोटा तितकं बरं, असं कोणालाही वाटणारच. या लोकांचा सगळा धंदा त्या एका वाटण्यावर चालतो. कोणी हे सांगत नाही, की वण ही नुसती खूण नसते; तिथून काहीतरी काम झालेलं असतं. उभ्या रेघेतून सर्जन आतल्या ग्रंथीचे दोन्ही पदर जवळ आणून शिवतो, म्हणून स्तन पुढे येतो आणि आकार टिकतो. आडव्या रेघेतून खालची जादा कातडी निघते. फक्त गोल काप घेतला तर सगळी जादा कातडी त्या एका गोलातच गोळा करावी लागते. मग परकराची नाडी आवळल्यावर पडतात तशा चुण्या पडतात, स्तन पुढून चपटा होतो, आणि कातडी चारी बाजूंनी ओढत राहिल्याने गडद भाग पसरत जातो. ज्यांचं निपल एक-दोन सेंटिमीटरच वर न्यायचंय त्यांच्यासाठी ही पद्धत चांगलीच आहे. त्या बायकांना उगाच उलट्या टी-चे वण देणं हीसुद्धा फसवणूकच. माझं निपल मात्र त्याच्या कितीतरी जास्त वर न्यायला हवं होतं.

आता विक्री बघा. काउन्सेलरने रेटकार्ड उलटं केलं, बॉलपेनने पाठीमागे एक छोटासा नाजूक गोल काढला. "एवढाच टाका. कडेच्या रंगात मिसळून जातो, तुमच्या मिस्टरांनाही दिसणार नाही." मी विचारलं, दुसरे प्रकार कोणते? तिने शेजारी उलटा टी काढला, पण तो पेन दाबून, त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा गिरवून, इतका की कागद पलीकडून उमटला. "हे जुनं टेक्निक. आता कोण करतं?" दोन्ही चित्रं एकाच पेनाने काढलेली, पण एक दागिन्यासारखं आणि दुसरं शिक्षा केल्यासारखं. आकारात काय फरक पडेल याबद्दल दोन्ही चित्रांत अवाक्षर नव्हतं. तो कागद मी मागून घेतला होता. आता तो आयोगाच्या फाइलमध्ये आहे.

मग टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो. हे फोटो कसे बघायचे ते जरा सविस्तर सांगते. 'आधी'च्या फोटोत हात खाली सोडलेले, खांदे पडलेले, उजेड वरून. 'नंतर'च्या फोटोत हात कमरेवर किंवा डोक्यामागे. हात वर केला की कोणाचीही छाती उचललेली दिसते, आरशासमोर करून बघा. दुसरं, फोटो कधीचा आहे ते लिहिलेलं नसतं. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे सूज असते आणि सुजेमुळे वरचा भाग छान भरलेला दिसतो. माझाही 'नंतर'चा फोटो त्यांनी टाके तपासायला गेले तेव्हाच काढून घेतला, "प्रोग्रेस रेकॉर्ड" म्हणून. तिसरी गोष्ट सगळ्यात लबाड. सोशल मीडियावर निपल दाखवू देत नाहीत, म्हणून तिथे फूल, स्टिकर किंवा धूसर गोल लावलेला असतो. गोल पद्धतीचा वण नेमका त्याच जागी असतो! म्हणजे 'नो स्कार'चा पुरावा म्हणून जो फोटो दाखवतात, त्यात वण झाकलेलाच असतो. स्टिकरशिवायचे, वर्षभरानंतरचे, समोरून आणि बाजूने काढलेले फोटो मागा. ज्याच्याकडे चांगलं काम आहे तो सर्जन पेशंटच्या संमतीने काढलेले असे फोटो आपल्या खोलीत दाखवतो.

पैशांची बाजू थोडक्यात. "महिनाअखेरची ऑफर आहे", डिपॉझिट परत मिळणार नाही, आणि उरलेल्या रकमेचा ईएमआय. ईएमआय म्हणजे मोबाईलवर आलेला ओटीपी सांगून घेतलेलं कर्ज असतं. कर्ज कंपनी क्लिनिकला लगेच पैसे देऊन मोकळी होते आणि हप्ते तुमच्या मागे राहतात, शस्त्रक्रिया करा किंवा रद्द करा. काही रक्कम रोख द्या, जीएसटी वाचेल, असंही सुचवतात. उपचारांना जीएसटी नाही पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आहे, इतपत त्यांचं खरं. पण बिल नाही म्हणजे पुरावा नाही. माझा नवरा या एका बाबतीत हटून बसला आणि पूर्ण रकमेचं बिल घेऊनच उठला. त्याच बिलावर आमची केस उभी आहे.

संमतीपत्र हातात पडलं ते गाऊन घालून, हाताला सुई लावून झाल्यावर. सगळं इंग्रजीत. प्रकाराच्या जागी नुसतं 'मास्टोपेक्सी', म्हणजे ब्रेस्ट लिफ्ट. कुठली, ते नाही. सर्जनच्या नावाची जागा कोरी. तपासलं एकाने, टेबलाशी उभा होता दुसराच, आणि त्याचं नाव मला अजूनही कोणी सांगितलेलं नाही. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलंय की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. शस्त्रक्रियेचं स्वरूप, तिला असलेले पर्याय आणि मोठे धोके पेशंटला सांगितलेले असले पाहिजेत.

सूज उतरली आणि खरा आकार दिसायला लागला. बाजूने बघितलं तर छाती पुढून दाबल्यासारखी सपाट. गडद भाग पसरून लांबट झालेला, दोन्हीकडे वेगवेगळा. आणि जो वण दिसणारच नव्हता तो बोटभर रुंद, लालसर, वर आलेला. चुण्या "बसतील, बसतील" म्हणत होते, त्या काही बसल्या नाहीत. निपल होतं त्याच्या जेमतेम वर.

माझी नणंद सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तिने वण बघितला, काही बोलली नाही, आणि फाइल मागितली. फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी. "वहिनी, ऑपरेशन नोट कुठाय? आत काय कापलं, काय ठेवलं, हे कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं.

क्लिनिकचं उत्तर ऐकण्यासारखं होतं: "तुमची स्किनच लूज आहे, मॅडम." अहो, म्हणून तर आले होते! मग म्हणाले, थ्रेड लिफ्ट फुकट करून देतो, फक्त समाधानाच्या पत्रावर सही करा. थ्रेड म्हणजे कातडीखाली घालायचे विरघळणारे धागे. ते काही महिन्यांत विरून जातात, आणि इतक्या उतरलेल्या स्तनाचं वजन ते पेलतील ही आशाच नको. कातडी तापवून आखडवणारी मशिनं आणि स्वतःच्या रक्तातून काढलेल्या द्रवाची इंजेक्शनं हीसुद्धा त्याच माळेतली. तिसऱ्या पायरीवरचं निपल यातलं काहीही वर नेत नाही. सही मी केली नाही.

दुसरं मत घ्यायला मुंबईला गेले. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत प्लॅस्टिक सर्जरीचे स्वतंत्र विभाग आहेत आणि तिथे केसपेपरच्या पैशांत तज्ज्ञ तपासतो. रांग लांब असते, बाकं कडक असतात, पण तिथे कोणाला ऑफर संपवायची घाई नसते. तिथल्या डॉक्टर बाईंनी मला उभं केलं, गळ्याखालच्या खळगीपासून निपलपर्यंत टेप धरली, मग घडीत बोट ठेवून त्या बोटाची पातळी समोरून पेनाने उमटवली. "हे बघा, निपल इथे यायला हवं होतं." खूण आणि निपल यांच्यात माझा तळहात आडवा मावला असता.

मग त्यांनी डाव्या दंडावरची बीसीजीची खूण बघायला मागितली आणि कान टोचल्यावर गाठ आली होती का ते विचारलं. आपल्या सावळ्या कातडीवर वण फुगण्याची, काळा पडण्याची शक्यता जास्त असते, आणि ज्यांच्या बीसीजीच्या खुणेचं किंवा कानाच्या टोचणीचं केलॉइड, म्हणजे फुगून वाढत गेलेला वण, झालंय त्यांना कुठलाही वण जड जाऊ शकतो. माझी बीसीजीची खूण सपाट आहे. म्हणजे मला उभा किंवा आडवा वण बहुधा चांगला भरला असता. वर्ष-दीड वर्षात असे वण फिके पडतात, सिलिकॉनच्या पट्ट्या लावल्या तर मदत होते, आणि घडीतला वण उभं असताना दिसतही नाही. हा हिशोब आधी कोणी मांडला असता तर मी लांब वण आनंदाने घेतला असता. मला वण नको होता असं नाही. मला वण आणि आकार असे दोन पर्याय समोर ठेवलेच गेले नाहीत. त्या क्लिनिकला जे करता येत होतं तेवढंच त्यांनी 'आधुनिक' म्हणून विकलं.

पदवीचं एवढं बघा: प्लॅस्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएस, मग एमएस, मग एमसीएच किंवा डीएनबी प्लॅस्टिक सर्जरी. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट', 'एस्थेटिक फिजिशियन', कुठल्याशा फेलोशिपचं सोनेरी फ्रेममधलं प्रमाणपत्र यातलं काहीही त्या पदवीची जागा घेत नाही. डॉक्टरची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. आणि टेबलाशी कोण उभं राहणार, त्याचं नाव संमतीपत्रावर आधीच लिहून घ्या.

माझी दुसरी शस्त्रक्रिया अजून ठरलेली नाही. आधी वण पूर्ण भरून मऊ होऊ द्यायचा, मग बघायचं. आता गोल, उभा, आडवा असे तिन्ही वण येणार. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे निपलला रक्तपुरवठा कुठल्या बाजूने शिल्लक ठेवलाय हे नव्या सर्जनला कळायला हवं. चुकीच्या बाजूने कापलं तर निपल मरू शकतं. ते लिहिलेलं असतं ऑपरेशन नोटमध्ये, आणि ती क्लिनिक देत नाही.

तेव्हाच्या भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. फोनवर मागू नका, लेखी अर्ज करा आणि झेरॉक्सवर क्लिनिकचा शिक्का, तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. माझ्या वकिलांनी बिलानंतर लगेच मागितली ती ही पोचपावतीच.