काजूच्या टरफलांचा वायू आणि प्लाझ्माचे उपकरण: एका हंगामाचा अनुभव

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या काजू कारखान्यात बी वाफवण्याच्या बॉयलरखाली पूर्वी टरफलेच जाळली जात, आणि त्यांतील दाहक तेलामुळे उठणाऱ्या काळ्या धुराने साऱ्या वाडीचे डोळे चुरचुरत. म्हणून तेल काढलेली टरफले आणि नारळाच्या करवंट्या यांच्यावर चालणारा गॅसिफायर, म्हणजे अपुऱ्या हवेत इंधन तापवून त्याचा जळाऊ वायू करणारे यंत्र, बसवला. धूर थांबला, परंतु वायूतले डांबर काढण्यासाठी तो पाण्याने धुवावा लागतो, आणि ते डांबर व फिनॉल हे विषारी रसायन मिसळलेले तपकिरी पाणी टाकायचे कुठे, हा घोर मागे लागला. जांभ्यावर ओतलेले पाणी शेवटी विहिरीलाच लागते, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

गेल्या हंगामात एका पुरवठादाराने त्याच यंत्राला प्लाझ्माचे उपकरण चाचणीसाठी जोडून दिले. दोन धातूच्या पात्यांमध्ये, जिथे अंतर सर्वांत कमी तिथे, आर्क, म्हणजे वायूतून जाणारी विजेची सलग ठिणगी, पेटतो; तिच्यातला वीजभारित वायू म्हणजेच प्लाझ्मा. वायूचा झोत आर्कला ताणत वर नेतो, तो तुटतो आणि खाली लगेच नवा पेटतो. त्यात वायूमधील वाफ फुटून जे क्रियाशील कण तयार होतात, ते डांबराचे जड रेणू तोडतात आणि त्यांचे कार्बन मोनॉक्साईड व हायड्रोजन होतात, म्हणजे पाण्याबरोबर वाया जाणारे इंधन बॉयलरला मिळते. दगडी कोळशाच्या वायूतील डांबरही असेच फोडता येते, मात्र त्यातले गंधक वेगळे काढावे लागते. टरफलांत तो त्रास फारसा नाही.

तोटीवर धोतराचे पांढरे फडके धरून मी स्वतः पाहिले (वायू विषारी असल्याने उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ ठेवून). आर्क बंद असताना चिकट, तपकिरी डाग पडला. सुरू असताना केवळ पिवळसर झाक आली. धुण्याच्या टाकीवरची तेलकट साय तर जवळजवळ नाहीशी झाली.

विजेचा खर्च मात्र जाणवतो, कारण या वायूत सुमारे निम्मा नायट्रोजन असतो आणि आर्कची बरीच शक्ती त्यालाच तापवण्यात जाते. लाईट गेली की आर्क विझतो आणि डांबर तसेच पुढे सरकते. खरी तक्रार पुरवठादाराच्या सेवेची आहे: एप्रिलमध्ये, हंगाम ऐन भरात असताना, पाती झिजली आणि नवी येण्यास 3 आठवडे लागले, त्या काळात फोनलाही धड उत्तर मिळाले नाही.

केवळ पैशाचा हिशेब मांडणाऱ्याला हे उपकरण मी आज सुचवणार नाही. ज्याच्या कारखान्याखालच्या उतारावर कोणाची तरी विहीर आहे, त्याने ते अवश्य पाहावे. मी ते ठेवणार आहे. मात्र पात्यांचे 2 जोड आगाऊ हातात आल्याशिवाय पुढच्या करारावर सही करणार नाही.