मॅकशेनचा बायबल रीडिंग प्लॅन : रोज चार अध्याय झेपतात का, आणि त्यानं आत्मिक वाढ होते का

वर्षात बायबल संपवायचे प्लॅन आजकाल कुठल्याही बायबल ॲपमध्ये ढिगानं मिळतात. कुणी उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सरळ प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंत नेतं, कुणी घटना ज्या क्रमानं घडल्या त्या क्रमानं वाचायला लावतं, कुणी रोज एकच वचन देऊन खाली चार ओळींचं मनन जोडतं. मी यातले बरेच वापरून बघितले आणि शेवटी ज्याच्यावर टिकले तो जुन्यातला जुना निघाला, मॅकशेनचा प्लॅन. आमच्या बायबल स्टडीत बऱ्याच जणांनी विचारलं की हा कसा आहे, सुरू करू का, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रॉबर्ट मरे मॅकशेन हा स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात सेंट पीटर्स चर्चचा पाळक होता, अगदी तरुण. १८४२ मध्ये त्यानं आपल्या मंडळीतल्या लोकांसाठी वर्षभराच्या वाचनाचा हा तक्ता केला आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, तो टायफसनं प्रभूकडे गेला. तक्ता मात्र राहिला आणि आजही जगभर लोक त्यावरून वाचतायत. रचना साधी आहे, रोज चार ठिकाणचे चार अध्याय, त्यातले दोन कुटुंबानं मिळून वाचायचे आणि दोन एकांतात. वर्षात जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, एकदा होतो, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होतात. हिशोब करून बघा, बायबलचे अध्याय १,१८९, त्यात नव्या कराराचे २६० आणि १५० स्तोत्रं परत एकदा धरली की १,५९९ होतात, म्हणजे ३६५ दिवसांत रोजचे चारपेक्षा थोडे जास्तच. त्यामुळे लहान लहान स्तोत्रं आली की एका दिवसाला दोन-तीन मिळून येतात आणि ११९ वं स्तोत्र, ज्याची १७६ वचनं आहेत, ते तुकड्या-तुकड्यानं येतं. मला सावकाश वाचलं तर अर्धा तास लागतो, नुसतं वाचून काढलं तर वीस मिनिटांत होतं, पण नुसतं वाचून काढायचं असेल तर हा प्लॅन घेऊच नका असं माझं मत आहे, ते का ते खाली येईलच.

याची खरी गंमत चार जागा एकत्र वाचण्यात आहे. १ जानेवारीला येतात उत्पत्ती १, मत्तय १, एज्रा १ आणि प्रेषितांची कृत्ये १. चारही ठिकाणी काहीतरी सुरू होतंय, सृष्टी सुरू होतेय, प्रभू येशूचा जन्म होतोय, बंदिवासातून लोक घरी परतायला निघालेत आणि प्रभू वर गेल्यावर पवित्र आत्म्याची वाट बघत शिष्य माडीवर प्रार्थनेला बसलेत. एकच देव चारही ठिकाणी काम करतोय हे पहिल्याच दिवशी कुणी न सांगता समोर येतं. आणि हे पहिल्या दिवसापुरतं नाहीये. ३ तारखेचं बघा, उत्पत्ती ३ मध्ये आदाम झाडांत लपलाय आणि देव त्याला हाक मारतोय की तू कुठे आहेस. मत्तय ३ मध्ये योहान अरण्यात ओरडून सांगतोय पश्चात्ताप करा, आणि ज्याला पश्चात्ताप करण्यासारखं काहीच नाही तो प्रभू स्वतः त्या पाप्यांच्या रांगेत येऊन पाण्यात उतरतोय. एज्रा ३ मध्ये परतलेले लोक आजूबाजूच्यांच्या भीतीतसुद्धा सगळ्यात आधी वेदी उभी करतायत. आणि कृत्ये ३ मध्ये पेत्र लोकांना म्हणतोय वळा, म्हणजे प्रभूकडून विश्रांतीचे दिवस येतील. लपलेल्या माणसाला हाक मारण्यापासून ते विश्रांतीच्या वचनापर्यंत अख्खी सुवार्ता एका बैठकीत वाचून होते. हे मला कुठल्याच मननाच्या पुस्तकानं दाखवलं नव्हतं, चार पानं शेजारी-शेजारी आल्यामुळे दिसलं.

तक्त्याप्रमाणे एज्रा एकांताच्या भागात येतो, पण त्या संध्याकाळी मी तो मुलांनापण वाचून दाखवला. माझ्या धाकटीनं मध्येच विचारलं, की मंदिराचा पाया घातला तर म्हातारी माणसं रडत का होती, बाकीचे तर आनंदानं ओरडत होते ना? मग आम्ही तिथेच थांबलो. त्या म्हाताऱ्यांनी शलमोनाचं पहिलं मंदिर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, बाबेलवाल्यांनी ते इ.स.पू. ५८६ मध्ये जाळलं होतं, आणि आता समोर नुसता पाया होता. रडणं आणि ओरडणं इतकं मिसळलं की लोकांना वेगळं ओळखू येईना असं तिथे लिहिलंय. त्यावर आमच्या घरात जे बोलणं झालं ते संडेस्कूलच्या कितीतरी धड्यांपेक्षा खोल गेलं, कारण प्रश्न मुलीचा होता. मॅकशेननं या तक्त्याचे फायदे लिहिलेत त्यात हापण एक आहे, की आईवडिलांना मुलांशी बोलायला रोज विषय मिळतो, आणि तो अगदी खरा आहे.

लेवीय या जुन्या करारातल्या पुस्तकाबद्दल वेगळं सांगायलाच हवं कारण वर्षाचे बहुतेक प्लॅन तिथेच अडकतात. क्रमानं वाचणारा माणूस निर्गमाच्या शेवटी निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं वाचून आधीच दमलेला असतो आणि पुढे नुसती अर्पणं, मग सुटतं ते सुटतंच. या तक्त्यात लेवीयाचे सुरुवातीचे अध्याय चालू असताना एकांताच्या रकान्यात पौलाचं कलस्सैकरांस पत्र चालू असतं. म्हणजे एकीकडे पापार्पणाचा गोऱ्हा, त्याच्या डोक्यावर ठेवलेला हात, रक्त शिंपडणं, छावणीबाहेर जाळणं हे सगळं बारकाईनं वाचायचं, आणि त्याच सुमारास पौल सांगतो की आपल्याविरुद्धचा लेख देवानं वधस्तंभाला खिळून टाकला आणि ते सण, ते शब्बाथ ही येणाऱ्या गोष्टींची छाया होती. त्यानंतर लेवीय मला कधी कोरडं वाटलं नाही, उलट आपल्या एकेका पापाला काय किंमत पडली हे तिथे हाताला लागतं. गणना ७ मात्र जडच जातं, ८९ वचनं आणि १२ सरदारांची तीच ती अर्पणं बारा वेळा, पण तिथेपण मला एक गोष्ट आवडली की देवानं बाराव्याचंसुद्धा अर्पण पहिल्याइतकंच सविस्तर लिहून घेतलं, वरीलप्रमाणे म्हणून सोडून दिलं नाही.

आता ज्या गोष्टी खटकतात त्या.

सगळ्यात मोठी म्हणजे हा प्लॅन काहीही समजावून सांगत नाही. नुसते संदर्भ आहेत. ८ जानेवारीला कृत्ये ८ येतं, त्यात तो कूशी, म्हणजे इथिओपियाचा, अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय आणि फिलिप्प पळत जाऊन त्याला विचारतो की जे वाचताय ते समजतं का, तर तो म्हणतो कुणी दाखवून दिल्याशिवाय कसं समजणार. शिकलेला, मोठ्या हुद्द्यावरचा, यरुशलेमेपर्यंत उपासनेला जाऊन आलेला माणूस हे म्हणतो. म्हणून नवीन विश्वासणाऱ्याला नुसता हा तक्ता हातात देणं मला बरोबर वाटत नाही, त्याच्यासोबत कुणीतरी हवं, नाहीतर निदान एखादी चांगली, टिपा असलेली स्टडी बायबल हवी आणि आठवड्याला एकदा बसून प्रश्न विचारता येतील असा ग्रुप हवा. बिरुया शहरातले लोक रोज शास्त्र तपासत होते असं कृत्ये १७ मध्ये आहे, आणि तपासणं हे नजर फिरवण्यापेक्षा फार वेगळं काम आहे.

दुसरं, अध्यायांच्या सीमा. प्लॅन जवळजवळ सगळीकडे अध्यायाप्रमाणे तोडतो आणि अध्याय काही मूळ लेखकांनी पाडलेले नाहीत, ते शेकडो वर्षांनी आले. तोच यशया घ्या जो कूशी वाचत होता. दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत ५३ व्या अध्यायात सुरू होत नाही, ते ५२:१३ ला सुरू होतं, जिथे देव म्हणतो माझा सेवक उंचावला जाईल, थोर होईल, आणि मग तिथून खाली उतरत उतरत वधाला नेलेल्या कोकरापर्यंत येतं. मधे तोडून वाचलं तर तो उतार जाणवतच नाही. माझा उपाय असा की अध्याय सुरू करण्याआधी मागच्या अध्यायाची शेवटची चार-पाच वचनं वाचून घ्यायची, एक मिनिट जातं पण धागा हातात राहतो. तसंच उत्पत्ती १ वाचताना २:३ पर्यंत जा, सातवा दिवस तिथे आहे.

तिसरं, चार ठिकाणी उड्या मारून डोकं गरगरतं, हे खरं आहे, पहिले काही आठवडे तरी. एज्रा कुठे सोडला होता आणि मत्तय कुठे, काही आठवत नाही. यावर मी जे करते ते सांगते, चारातला एकच अध्याय रोजचा अभ्यासाचा धरते आणि बाकीचे तीन मोठ्यानं पण न थांबता वाचते. अभ्यासाच्या अध्यायासाठी वही असते, त्यात देवाबद्दल इथे काय कळलं, माणसाबद्दल काय कळलं, आणि आज मला काय करायचंय एवढंच लिहिते. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, ते रिकामं राहिलं तर वाचन पूर्ण झालं असं मी धरत नाही. याकोब १ मध्ये आहेच की नुसतं ऐकणारा माणूस आरशात तोंड बघून लगेच विसरणाऱ्यासारखा असतो. मत्तय ५ आला त्या दिवशी वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर हे वचन वहीत उतरवलं आणि माझ्या जाऊबाईंना फोन केला, आमचं बरेच महिने बोलणं नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा फोन ठेवला, संध्याकाळी स्वतःहून केला. आत्मिक वाढ म्हणजे मला तरी असंच काहीतरी वाटतं, गलतीकरांस ५ मधलं फळ, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता हे घरातल्या माणसांना दिसायला लागलं पाहिजे.

ॲपबद्दल थोडंसं. मी ज्या ॲपवर हा प्लॅन लावला होता तिथे सलग किती दिवस वाचलं त्याचा आकडा मोठ्या अक्षरात दिसतो आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो. घरात आजारपण होतं तेव्हा रात्री बाराला पाच मिनिटं उरली असताना मोबाईल हातात घेऊन चार अध्यायांवर नुसती टिक करावीशी वाटायला लागली, तेव्हा मी तो आकडा सेटिंगमधून बंद केला आणि छापील तक्त्यावर आले. ऑडिओ मात्र ॲपमधलाच वापरते, विशेषतः इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या वंशावळ्यांना, कान लावून बसलं की त्या छान पुढे सरकतात. राहिलेले दिवस भरून काढायला मागे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आजच्या तारखेचं वाचा, जो नवा करार सुटला तो काही महिन्यांनी परत येणारच आहे आणि जुन्यातला पुढच्या वर्षी.

मॅकशेननं स्वतः तक्त्याबरोबर धोकेपण लिहून दिलेत, आणि प्लॅन देणारा माणूस धोके आधी सांगतो म्हणून माझा याच्यावर जास्त भरवसा बसला. वाचन नुसती सवय होऊन बसेल, पूर्ण केलं म्हणून स्वतःला धार्मिक समजाल, घाईघाईत निष्काळजीपणे वाचाल, आणि काहींना हे ओझं जड होईल, असे चार. शेवटच्याबद्दल तर त्यानं म्हटलंय की असं झालं तर हे बंधन टाकून द्या आणि देवाच्या बागेत मोकळेपणानं चरा, मला तुम्हाला फास लावायचा नाहीये, तुमच्या आनंदाला मदत करायचीय. त्याच्या एका पत्रात प्रार्थनेबद्दल जे आहे तेही मी या प्लॅनला जोडून घेतलंय. पहिलं स्तोत्र वाचत असलास तर बायबल समोर खुर्चीवर उघडं ठेव, गुडघे टेक आणि त्यातलंच मागत जा, की हे प्रभू, तिथे सांगितलेल्या माणसाचं धन्यपण मला दे, मला दुर्जनांच्या सल्ल्यानं चालू देऊ नकोस. मी रोज चारातला एक परिच्छेद असा प्रार्थनेत घालते. माझी प्रार्थना आधी फक्त आजारपण, नोकरी, मुलांच्या परीक्षा एवढ्यावरच फिरायची, ती आता वचनाच्या मागून जाते आणि अशा गोष्टी मागते ज्या मला एरवी सुचल्याच नसत्या.

तर ज्यांनी आधी निदान नवा करार एकदा वाचलाय आणि आता पूर्ण शास्त्र हातात घ्यायचंय त्यांनी हा प्लॅन नक्की घ्यावा, पाचपैकी साडेचार देईन, अर्धा अध्यायांच्या तोडफोडीसाठी कापला. लहान मुलं असलेल्या घरात कुटुंबाचे दोन रकाने घ्या आणि एकांताचे दोन पुढच्या वर्षी, म्हणजे तेच दोन वर्षांत होतं आणि धाप लागत नाही. एकाच पुस्तकात महिनाभर राहून खोल अभ्यास करायचाय, उदाहरणार्थ रोमकरांस पत्र वचनावचनानं, त्यांना हा चालणार नाही, त्यांनी वेगळं काहीतरी बघावं. अगदी नवीन असाल तर आधी मार्क आणि योहान कुणासोबत तरी बसून वाचून घ्या. आणि जानेवारीची वाट बघत बसू नका, तक्त्यावर आजची तारीख शोधा, त्या ओळीतला नव्या कराराचा अध्याय आज वाचा आणि उद्यापासून चारही धरा.