हळद-बेदाण्याचं गिऱ्हाईक जोडून ठेवायचंय: व्हॉट्सअ‍ॅपची यादी की ईमेलची?

संक्रांत झाली की सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक सुरू होते, आणि पाठोपाठ तासगाव, कवठेमहांकाळकडच्या शेडवर बेदाणा तयार व्हायला लागतो. हळद दळून, बेदाणा पाव-अर्ध्या किलोच्या पाकिटात भरून थेट गिऱ्हाइकाला विकणारी घरं आता इथं बरीच झालीत. आमचं त्यातलंच एक. माल चांगला असतो, पहिल्यांदा घेणारा खूशही होतो, पण पुढच्या हंगामात त्याला कळवायचं कसं? या एका प्रश्नावर मला आजही दर आठवड्याला कुणी ना कुणी फोन करून विचारतं. २०१८ पासून आम्ही दोन्ही याद्या चालवतोय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी व्हॉट्सअ‍ॅप, कारण सुरुवात सगळ्यांची तिथूनच होते. सांगली-मिरजेत विक्री असेल तर त्याला तोड नाही. सकाळी ओल्या हळकुंडाचा फोटो टाकला की दुपारपर्यंत ऑर्डर येते, पैसे यूपीआयनं तिथल्या तिथं येतात. २०१९ चा महापूर ओसरल्यावर पार्सलं उशिरा निघणार हे सगळ्या गिऱ्हाइकांना कळवायला आम्हाला तासभरसुद्धा लागला नाही. मेलवर ते कुणी कधी वाचलं असतं कोण जाणे.

अडचण यादी वाढवायला लागल्यावर कळते. एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पोचवणारी ब्रॉडकास्ट लिस्ट असते, तिच्यात २५६ जणच बसतात. ते एक वेळ चालेल, दुसरी लिस्ट करता येते. पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. बचत गटाच्या प्रदर्शनात दोन दिवस उभं राहून वहीत नंबर लिहून घेतले, घरी येऊन लिस्ट केली, मेसेज पाठवला आणि कुणाचंच उत्तर नाही, असं आमचं पहिल्या वर्षी झालं. माल आवडला नसेल म्हणून आम्ही उगाच खट्टू झालो होतो. आता स्टॉलवरच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगतो आणि त्यांच्याकडून एक ‘हाय’ मागवून घेतो.

यावर उपाय म्हणून बरेच जण ग्रुप काढतात. ते मात्र करू नका. हळद घेणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर शेकडो अनोळखी लोकांना दिसतो. एखाद्या ताईंना त्यातून नको ते फोन आले तर तो दोष आपला. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅनलमध्ये, म्हणजे लोक नुसतं फॉलो करून आपले मेसेज वाचतात तिथं, ही भीती नाही, पण तिथं फॉलोअरचा नंबर आपल्यालाही दिसत नाही, त्यामुळं ती आपली यादी होत नाही.

आता ईमेल. पहिला आक्षेप ठरलेला: “मेल कोण बघतंय?” सांगलीच्या गणपती पेठेतला व्यापारी नाही बघणार, खरंय. पण पुण्यात, बेंगळुरूत नोकरी करणारा माणूस दिवसातून दहा वेळा मेल उघडतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा आपला मेसेज संध्याकाळपर्यंत शंभर मेसेजखाली गाडला जातो. मेल मात्र राहतो. सहा महिन्यांनी बरणी रिकामी झाली की तो माणूस मेलमध्ये ‘हळद’ असं शोधतो आणि आपला जुना मेल त्याला सापडतो. अशा ऑर्डरी आम्हाला दरवर्षी येतात. दिवाळीच्या भेटीसाठी बेदाणा घेणाऱ्या ऑफिसांशी तर सगळा व्यवहार मेलवरच होतो.

माझ्या मते दोन्हींतला खरा फरक वेगळाच आहे. व्हॉट्सअ‍ॅपची यादी ओळखीतून वाढते. ज्यानं आपल्याला पाहिलंय, ज्याला कुणी आपला नंबर दिलाय, तोच तिथं येतो. ईमेलची यादी अनोळखी माणसापर्यंत जाऊ शकते, पण तो माणूस आपल्यापर्यंत यायला काहीतरी वाट हवी. ती वाट म्हणजे आपल्या वेबसाइटवर लिहिलेले लेख. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागाचा खास माल अशी सरकारी नोंद, मिळालं. गावाच्या नावानिशी हळद शोधणारे लोक आहेत, त्यांना सापडेल असं काहीतरी आपण लिहून ठेवलेलं पाहिजे.

काय लिहायचं? गिऱ्हाईक फोनवर विचारतं तेच. हळदीत भेसळ आहे का हे घरी कसं ओळखायचं: ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड सोडा, शुद्ध हळद फिकट पिवळा रंग सोडत तळाशी बसते, कृत्रिम रंग असेल तर पाणी गडद पिवळं होतं. हिरवा बेदाणा हिरवा का राहतो, त्याला गंधकाची धुरी देतात म्हणजे नेमकं काय करतात. किलोभर बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षं का लागतात. हे आपल्याला रोजचं वाटतं, पण बाहेरच्याला नवीन असतं.

आम्ही हौसेनं सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर लेख लिहिला. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, हे सगळं त्यात होतं. लोकांनी तो भरपूर वाचला, नातेवाइकांना पाठवला, पण खाली मेलचा पत्ता फार थोड्यांनी दिला. याउलट ‘वर्षाची हळद पावसाळ्यात कीड न लागता कशी ठेवावी’ हा साधा लेख फार कुणी वाखाणला नाही, पण पत्ते सगळ्यात जास्त त्यानंच आणले. ज्याच्या घरात वर्षाची हळद भरतात तोच तो लेख वाचतो, आणि आपलं गिऱ्हाईकही तोच. लेखाखाली नुसतं ‘सबस्क्राइब करा’ लिहिलं होतं तेव्हा कुणी फिरकलं नाही. ‘नवी हळद दळून झाली की कळवू’ असं लिहिल्यावर लोक पत्ता द्यायला लागले. तरीही पहिल्या वर्षी फार अपेक्षा ठेवू नका, गूगलवर लेख वर यायला वेळ लागतो.

यादी हातात राहण्याचा प्रश्नही आहे. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यातल्या कलाकारांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप साधारण सहा तास बंद होतं. व्हॉट्सअ‍ॅपचे नंबर आपल्या फोनमध्ये असतात हे कबूल, पण बऱ्याच जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर खातंच बंद होऊ शकतं. मेलची यादी एका फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या सेवेकडे नेता येते.

खर्चाचं थोडक्यात. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांना मेल जातो, पण यादी शंभरावर गेली की मेल पाठवणारी सेवा घ्या, म्हणजे नको असेल त्याला स्वतःच बाहेर पडता येतं. दिवसाला ५,००० वर मेल पाठवणाऱ्यांना गूगलनं फेब्रुवारी २०२४ पासून कडक नियम लावलेत, तिथवर आपण बहुधा जात नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा गाभा संमती हाच आहे, म्हणून वहीत ‘कळवलं तर चालेल का’ असा रकाना ठेवा आणि विकतच्या याद्यांना हात लावू नका.

मग कुठलं घ्यायचं? विक्री सांगली, मिरज, कुपवाडपुरती असेल तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरे, मेलच्या भानगडीत पडू नका. निम्मी पार्सलं जिल्ह्याबाहेर जात असतील तर दोन्ही ठेवा: जुन्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप, नव्याला लेख आणि मेल. लेख पावसाळ्यात लिहा, तेव्हा हात मोकळे असतात. एप्रिल-मे मध्ये लोक वर्षाचं तिखट-हळद करायला घेतात, त्याच्या आत चार-पाच लेख गूगलला सापडायला लागलेले असले पाहिजेत.