क्लोरीन की सिरॅमिक फिल्टर?

घरी पिण्याचं पाणी शुद्ध करायचं तर क्लोरीन जीवाणू आणि विषाणू दोन्ही झपाट्याने मारतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र जाड कवचामुळे त्याला दाद देत नाही, आणि गढूळ पाण्यात बराचसा क्लोरीन गाळातच खर्च होतो. सिरॅमिकची बारीक छिद्रं हाच परजीवी अडवतात, पण विषाणू इतके लहान की बरेचसे आरपार जातात. शिवाय गाळलेल्या पाण्यात कुणी हात बुडवला की संपलं. क्लोरीनचा अंश मात्र पाण्यात टिकतो आणि नंतर शिरलेल्या जंतूंनाही आवरतो.

घरगुती जलशुद्धीकरण साधनांना जागतिक आरोग्य संघटना तारे देते; त्यातल्या सर्वोच्च तीन ताऱ्यांसाठी जीवाणू आणि परजीवी ९९.९९ टक्के, विषाणू ९९.९९९ टक्के कमी व्हावे लागतात. म्हणून ‘९९ टक्के जंतू नष्ट’ वाचलं की मी विचारतो, कोणते जंतू? पाणी गढूळ असेल तर मी आधी फिल्टर, मग क्लोरीन वापरेन.