फ्रीझरमधले माझे लाडके पिझ्झे

फ्रोझन पिझ्झा चांगला की वाईट, हे मी वरून बघून ठरवत नाही. ओव्हनमधून काढला की एक तुकडा उलथण्याने उचलते आणि त्याची खालची बाजू बघते. तिथे तांबूस डाग पडलेले असतील, बोट टेकवल्यावर टणक लागत असेल, तर पुढचं बोलायचं. खालून पांढराफटक आणि ओलसर असेल, तर वर चीजचा डोंगर असला तरी तो खोका आमच्या घरात पुन्हा येत नाही.

घरात आम्ही चौघं आणि चौघांच्या आवडी चार दिशांना. नवऱ्याला पातळ, कुरकुरीत बेस लागतो. सासूबाईंना जाड आणि मऊ हवा. मुलीने चीज सोडलंय. माझा जीव सॉसमध्ये. त्यामुळे एकाच पिझ्झ्यावर सगळ्यांचं समाधान होत नाही आणि किराणा घ्यायला गेलं की फ्रीझरच्या काचेपाशी मी बराच वेळ रेंगाळते.

पातळ बेसमध्ये डॉ. ओटकरचा 'रिस्टोरांटे मोझरेला' माझ्या मते सगळ्यांच्या पुढे आहे. १८९१ साली जर्मनीतल्या बीलेफेल्ड गावात ऑगस्ट ओटकर या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडरपासून नाव कमावलं आणि त्याच कंपनीने १९७० मध्ये फ्रोझन पिझ्झा बाजारात आणला. पिठाशी इतका जुना संबंध असलेल्यांचा बेस असा जमावा, याचं मला नवल वाटत नाही. कटर फिरवला की कड्ड असा आवाज येतो. वर टोमॅटोच्या चकत्या असतात, भाजल्यावर त्यांच्या कडा किंचित आक्रसतात आणि गोडी वाढते. मधूनमधून बेसिल पेस्टोचे, म्हणजे बेसिलच्या हिरव्या चटणीचे, ठिपके असतात. गोठलेले असताना ते अगदी निर्जीव दिसतात, पण ओव्हनमध्ये वितळून चीजमध्ये पसरले की स्वयंपाकघरभर वास सुटतो. याच मालिकेतला पालकाचा 'स्पिनाची'ही चांगला आहे, लसूण छान लागतो. तरी पालक शेवटी पाणी सोडणारच. म्हणून तो खोक्यावर लिहिलंय त्यापेक्षा एखादं मिनिट जास्त ठेवावा.

जाड बेस हवा असेल तर डिजॉर्नोचा 'रायझिंग क्रस्ट'. क्राफ्टने हा १९९० च्या दशकात काढला, २०१० मध्ये तो नेस्लेकडे गेला. बहुतेक फ्रोझन पिझ्झ्यांचा बेस कारखान्यातच अर्धा भाजून गोठवतात, म्हणजे घरी आपण तो दुसऱ्यांदा भाजतो आणि त्यात तो सुकतो. इथे पीठ कच्चंच गोठवलेलं असतं आणि आपल्या ओव्हनमध्ये पहिल्यांदाच फुगतं. ओव्हनच्या काचेतून हे बघायला मला फार आवडतं. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही, मग कडा हळूहळू उचलल्या जातात, चीज मधोमध गोळा होतं आणि शेवटी कडेला सोनेरी रंग चढतो. आतून जाळीदार, मऊ आणि ताज्या पावासारखा वास. सासूबाई आधी कडा खातात, मग मधला भाग. थेट जाळीवर ठेवलात तर खालून कुरकुरीत होतो, ट्रेवर ठेवलात तर मऊ राहतो. त्यांच्यासाठी मी ट्रेच वापरते. मात्र हा नीट भाजणं फार गरजेचं, कारण मधलं पीठ कच्चं राहिलं तर ते खाण्याजोगं नसतं. वरचा रंग बघून बाहेर काढू नका. मधोमध सुरी घालून बघा, ओलं पीठ चिकटायला नको.

आता माझा लाडका विषय, सॉस. 'एमीज' या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचे पिझ्झे मी सॉससाठीच आणते. १९८७ मध्ये एका जोडप्याने ती सुरू केली, मुलीचं नाव दिलं आणि कंपनीचे सगळेच पदार्थ शाकाहारी ठेवले. इथे शाकाहारी म्हणजे पूर्ण शाकाहारी. पार्मेजानसारख्या चीजमध्ये दूध फाडायला पारंपरिक पद्धतीने वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, त्यामुळे वर मांस नसलं तरी 'चीज पिझ्झा' शाकाहारी असेलच असं नाही. एमीजच्या चीजमध्ये ते नसतं. ज्यांना याची चाड आहे त्यांनी कुठलाही खोका उलटा करून घटकांची यादी वाचावीच. यांच्या साध्या चीज पिझ्झ्यातला सॉस टोमॅटोच्या चवीचा आहे, साखरेच्या नाही. आणि मुलीसाठी यांचाच भाजलेल्या भाज्यांचा, अजिबात चीज नसलेला पिझ्झा येतो. शिताके मशरूम, गोडसर परतलेला कांदा, भाजलेली लाल सिमला मिरची आणि मुरवलेले आर्टिचोक (कळीसारखी दिसणारी एक भाजी). चीजच्या जागी भलतंसलतं काही थापलेलं नाही, याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. कांद्याचाच स्वाद इतका भरलेला की चीजची आठवण होत नाही. आता आम्ही सगळेच त्यात वाटा मागतो.

टोटिनोजचा छोटा पिझ्झा जेवणाचा नाही, मधल्या वेळच्या खाण्याचा. तरी बेसवर बोलताना रोझ टोटिनो यांचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. मिनियापोलिसमध्ये नवऱ्यासोबत पिझ्झाचं हॉटेल चालवणाऱ्या या बाईंनी १९६० च्या दशकात फ्रोझन पिझ्झा सुरू केला, १९७५ मध्ये कंपनी पिल्सबरीला विकली आणि तिथेही बेस सुधारण्याच्या मागे लागल्या. उपाय निघाला तो बेस तळण्याचा. तळताना मोठे फुगे येऊ नयेत म्हणून पिठाला भोकं पाडायची. १९७९ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांना त्याचं पेटंट मिळालं. हा बेस खाताना जो खुसखुशीतपणा लागतो तो तिथून आलेला आहे.

आता न आवडलेल्याबद्दल थोडं. एका कंपनीच्या खोक्यावर ताज्या मोझरेलाचे मोठाले गोळे छापले होते, म्हणून मी हौसेने आणला. भाजल्यावर मधोमध पाण्याचं तळं झालं आणि बेसचा लगदा. ताज्या मोझरेलात पाणी खूप असतं. गोठताना त्याचे स्फटिक होऊन चीजची घडण मोडतात आणि गरम केलं की ते पाणी बाहेर येतं. म्हणून फ्रोझनमध्ये कमी पाण्याचं मोझरेलाच बरं. मायक्रोवेव्हवाल्या पिझ्झ्याखाली राखाडी, चकचकीत चकती देतात. त्यावर धातूचा अतिशय पातळ थर असतो, तो तापून बेसला खालून भाजतो. युक्ती हुशारीची आहे, पण खाली कुरकुरीत आणि कडेला वातड असा तो पिझ्झा मला पटत नाही.

खोका घेताना हातात आडवा धरून हलकेच हलवून बघा. आत बर्फाचे खडे वाजले तर तो मध्ये कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला आहे, ठेवून द्या. घरी आणल्यावरही आडवाच ठेवा. आणि बेस पातळ असेल तर ओव्हन तापताना आत जाड लोखंडी ट्रे ठेवा, चांगली वीस-पंचवीस मिनिटं तापू द्या. त्या तापलेल्या ट्रेवर गोठलेला पिझ्झा थेट सरकवला की बेसमधल्या पाण्याची लगेच वाफ होते, खाली साचून राहत नाही. मात्र काचेचं भांडं किंवा कच्च्या पिठाचा जाड पिझ्झा यासाठी नको. आधी बाहेर काढून वितळू देण्याचीही गरज नाही, वितळलेला बेस मध्येच वाकतो आणि टॉपिंग एका बाजूला घसरतं.

वरून स्वतःचं काही घालायचं तर हात आखडता ठेवा. मी कडेला ब्रशने थोडं ऑलिव्ह ऑइल लावते आणि ताजी बेसिलची पानं भाजून झाल्यावर टाकते. चिरलेली कच्ची सिमला मिरची मूठभर टाकलीत तर तिचं पाणी थेट सॉसमध्ये उतरतं. घालायचीच असेल तर आधी कोरडीच परतून घ्या.

उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी जाड तव्यावर, मंद आचेवर, तेल न घालता ठेवावा. बेस खालून परत कडक झाला की तव्याच्या कडेला दोन थेंब पाणी टाकून लगेच झाकण लावायचं. त्या वाफेवर चीज सुटतं आणि तुकडा खायला तयार होतो.