इंद्रजालचे जुने मराठी अंक विकत घेणाऱ्यांनी हे वाचाच

मार्च १९६४ मध्ये सुरू झालेलं इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडलं. तेव्हा रद्दीत किलोवर गेलेल्या वेताळ-मँड्रेकच्या अंकांना आता हजारांत भाव येतो, आणि सुरुवातीच्या वर्षांतले मराठी अंक तर सहसा दिसतच नाहीत. हीच ओढ हेरून एकाने मला १८,००० रुपयांना गंडा घातला.

ओळखीच्या कुणाकडून तरी नंबर मिळवून त्याने फोन केला. "काका, आमचं घर चिपळूणचं. २०२१ च्या पुरात खालचं सगळं गेलं, माळ्यावरची आजोबांची ट्रंक तेवढी वाचली." त्या जुलैत चिपळूणकरांनी काय भोगलं ते आम्ही रत्नागिरीकरांनी जवळून पाहिलंय. अशा माणसाशी भावावरून घासाघीस कोण करणार? लोकांच्या संकटाचं असं भांडवल करणं मला पैसे बुडवण्यापेक्षाही नीच वाटतं.

पैसे "बहिणीच्या" खात्यावर मागितले. कुरिअरने तीन अंक आले, जाड प्लास्टिकमध्ये सीलबंद. "उघडू नका हां काका, हवा लागली की कागदाचा भुगा होईल." ही थाप नीट लक्षात ठेवा.

पुढे छापखाना चालवणाऱ्या मित्राने पाकीट फोडून अंक भिंगाखाली धरला. आतली पानं अस्सल होती, मुखपृष्ठ मात्र रंगीत झेरॉक्स. जुनाटपणाचे डागसुद्धा छापलेले! घडीवर रंगाचे पापुद्रे सुटून पांढरा कागद डोकावत होता. नोटा तपासायच्या दिव्याखाली तो कागद निळसर उजळला, आतली पानं तशीच मंद राहिली. मुखपृष्ठ फाटलेले अंक स्वस्तात मिळतात. त्यांना असं कव्हर चढवलं की किंमत कुठल्या कुठे जाते.

सगळ्यात बोलका पुरावा पिनांचा. मधलं पान उघडलं तर जुन्या पिनांची गंजाळलेली भोकं, आणि त्यांच्या शेजारी नव्या चकचकीत पिना. मुखपृष्ठाला जुन्या भोकांची खूणच नाही. आपल्या खाऱ्या हवेत साधी स्टेपलरची पिन दोन पावसाळे धड टिकत नाही, मग इतकी वर्षं कोकणातल्या माळ्यावर पडलेल्या अंकाची पिन चमकेल कशी?

तोवर त्याचा फोन बंद झाला होता. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवर तक्रार केली. पैसे गेल्यागेल्या कळवलं तर ते खात्यातच अडवता येतात. सीलबंद पाकिटाने त्याला नेमका तोच वेळ मिळवून दिला, रक्कम पुढे सरकली होती. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली गुन्हा नोंदवावा म्हणून पाठपुरावा सुरू आहे.

कुणी सीलबंद अंक विकायला आला तर पैसे देण्याआधी मधलं पान उघडून पिनांचा फोटो मागा, शक्यतो घरी जाऊन अंक हातात घ्या. नाव बदलून तो मालवण-सावंतवाडीकडेही फोन करील. तिन्ही अंक मी पुरावा म्हणून ठेवलेत. रत्नागिरीत कुणाला ताडून बघायचे असतील तर अवश्य दाखवीन.